मूल प्रार्थनेला बसत नाही: घरातली प्रार्थना पुन्हा पुन्हा का बंद पडते आणि काय करून बघावं

चर्चमधल्या वॉचनाइटच्या, म्हणजे ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या, उपासनेत नवरा-बायको मनाशी ठरवतात की या वर्षी मुलांना घेऊन रोज घरी प्रार्थना करायची. जानेवारीत ती होतेही. मग शाळेचं गॅदरिंग येतं, सर्दी-खोकला येतो, परीक्षा येतात, आणि फेब्रुवारी संपता संपता प्रार्थना कधी बंद पडली हे कुणाच्या लक्षातही येत नाही. लेंट, म्हणजे ईस्टरच्या आधीचा उपवासाचा काळ, लागला की मनाला टोचणी लागते आणि पुन्हा सुरुवात होते. ईस्टर होतो, मे महिन्यात सगळे गावाला जातात, पुन्हा बंद. जूनमध्ये नव्या वह्या-पुस्तकांबरोबर आणखी एक सुरुवात.

मी शब्बाथ शाळेत, म्हणजे चर्चच्या रविवारच्या शाळेत, लहान मुलांचा वर्ग घेते, बालवाडीपासून तिसरीपर्यंतचा. वर्ग सुटल्यावर आया दारात थांबतात आणि जवळजवळ एकच तक्रार सांगतात. "टीचर, हा प्रार्थनेला बसतच नाही. बसवलं तर पाय हलवतो, हसतो, नाहीतर पाणी मागतो. आम्ही ओरडतो, तो रडतो, आणि मग आमचीच प्रार्थना करायची इच्छा जाते." घर पुण्यातल्या खडकीतलं असो, घोरपडीतलं असो की वडगाव शेरीतलं, कॅथलिक असो की प्रोटेस्टंट, गोष्ट थोड्याफार फरकाने हीच.

माझं मत मी त्यांना स्पष्ट सांगते. आपल्याकडे लहान मुलांना प्रार्थना शिकवण्याऐवजी त्यांची तोंडी परीक्षा घेतली जाते. मूल परीक्षेला कंटाळतं आणि आपल्याला वाटतं ते देवाला कंटाळलं. ही गल्लत सुटली की बाकीच्या बऱ्याच अडचणी आपोआप हलक्या होतात. पण तिथे जाण्याआधी एक साधी गोष्ट तपासायची असते.

आधी घड्याळ बघा

पुष्कळ घरांत अडचण वेळेची असते. पप्पा हिंजवडीहून सुटतात, वाटेत ट्रॅफिक, घरी पोचायला साडेनऊ. "सगळ्यांनी मिळूनच करायची" असा नियम केलेला, म्हणून चार वर्षांचं मूल साडेनऊपर्यंत जागं ठेवलेलं. सकाळी पावणेसातला त्याची शाळेची व्हॅन येणार असते. अशा मुलाला त्या वेळी हात जोडून बसवलं तर ते चिडणारच. त्या वेळी त्याला आवडीचा खेळ दिला तरी ते चिडेल.

म्हणून पहिला उपाय असा: आठवडाभर प्रार्थना संध्याकाळी, मूल खेळून आल्यावर हातपाय धुऊन झाले की जेवणाच्या आधी घ्या. बाकी काही बदलू नका. एवढ्याने मूल बसायला लागलं तर पुढचं काही वाचलं नाही तरी चालेल.

पप्पांचं काय, हा प्रश्न लगेच येतो. सोमवार ते शुक्रवार त्यांच्यासाठी थांबू नका. शनिवार-रविवारी त्यांनीच प्रार्थना घ्यावी. आणि रोज सकाळी शाळेच्या व्हॅनची वाट बघताना त्यांनी मुलाच्या डोक्यावर हात ठेवून दोन वाक्यं म्हणावीत: "प्रभू, आज हिच्याबरोबर राहा. हिला आणि हिच्या मैत्रिणींना सांभाळ." पप्पा त्याआधीच ड्यूटीला निघत असतील तर झोपलेल्या मुलाच्या डोक्यावर हात ठेवून हेच म्हणावं. बायबलमधल्या मार्कच्या दहाव्या अध्यायात प्रभू येशूने बालकांना कवेत घेतलं, त्यांच्यावर हात ठेवले आणि आशीर्वाद दिला. त्या बालकांना काही म्हणून दाखवावं लागलं नव्हतं.

किती वेळ? तीन-चार वर्षांच्या मुलासाठी दोन मिनिटं पुष्कळ झाली. सहा-सात वर्षांच्या मुलाला पाच मिनिटं झेपतात, तीही एक गाणं धरून. प्रभूची प्रार्थना सावकाश म्हटली तरी अर्ध्या मिनिटाच्या आसपास संपते, आणि ती शिकवण्याआधी प्रभूने फार शब्द वापरू नका असंच सांगितलं आहे.

"अंकलना म्हणून दाखव"

वेळ बदलूनही मूल अंग चोरत असेल तर पाहुणे आल्यावर घरात काय होतं ते आठवून बघा.

रविवारी दुपारी चर्चनंतर पाहुणे जेवायला आलेले असतात. मटणाचं जेवण झालेलं, बैठकीच्या खोलीत सगळे पसरलेले. आई पाच वर्षांच्या मुलीला हाक मारते, "बेटा, अंकलना प्रभूची प्रार्थना म्हणून दाखव." मुलगी फ्रॉकचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहते. "रोजची भाकर" पर्यंत छान जाते. पुढे "ऋण" आलं की अडखळते, "आम्ही आपल्या हरणांस" असं काहीतरी म्हणते. सगळे कौतुकानेच हसतात. कुणाच्या मनात वाईट काही नसतं. पण मुलीला एवढंच कळतं की मी देवाशी बोलत होते आणि लोक हसले. त्या रात्री ती प्रार्थनेला बसत नाही, आणि आई मला विचारते की एकदम असं काय झालं.

मत्तयच्या सहाव्या अध्यायात प्रभूने प्रार्थनेचे शब्द सांगण्याआधी काय सांगितलं आहे, ते आपण मोठ्यांनी पुन्हा वाचण्यासारखं आहे. लोकांनी पाहावं म्हणून सभास्थानांत आणि चव्हाट्यावर उभे राहून प्रार्थना करू नका, आपल्या खोलीत जा, दार लावून घ्या, आणि गुप्तवासी पित्याला प्रार्थना करा. मग कुठे नवव्या वचनापासून प्रभूची प्रार्थना सुरू होते. आपण मुलांना नववं वचन पाठ करायला लावतो आणि पाचवं-सहावं मोडायला शिकवतो. मला याचं फार वाईट वाटतं, कारण हे अगदी प्रेमळ आई-वडिलांच्या घरात होतं.

उपाय सोपा आहे, पण नातेवाइकांसमोर पाळायला धीर लागतो. पाहुण्यांसमोर गाणं म्हणून घ्या, बायबलमधलं वचन म्हणून घ्या, नाताळच्या नाटकातला संवाद म्हणून घ्या. प्रार्थना म्हणून दाखवायला कधीही सांगू नका. कुणी आग्रह केलाच तर, "आपण सगळे मिळून म्हणू या," असं म्हणून स्वतः सुरू करा. मूल तुमच्या आवाजात आवाज मिसळेल किंवा मिसळणार नाही. दोन्ही चालेल. चुकीचा शब्द त्या क्षणी दुरुस्त करायचा नाही. दुसऱ्या दिवशी तुम्हीच म्हणताना तो शब्द जरा सावकाश आणि स्पष्ट म्हणा. कानावर पडून तो सुधारतो.

एकदा मूल बिचकलं असेल तर काही आठवडे त्याला प्रार्थना म्हणायला सांगूच नका. त्याच्या शेजारी बसून तुम्ही म्हणा. शेवटचं "आमेन" त्याला म्हणू द्या. एवढंही पुष्कळ आहे.

आजोबांची लांब प्रार्थना

एकत्र राहणाऱ्या घरांत ही अडचण हमखास असते आणि तिच्याबद्दल बोलायला सुनांना संकोच वाटतो. आजोबा जुन्या वळणाचे, मंडळीत वर्षानुवर्षं पंच म्हणून काम केलेले. ते प्रार्थना घेतात ती "हे परमदयाळू, सर्वसमर्थ पित्या" पासून सुरू होते आणि घरातले, गावातले, मंडळीतले आजारी, विधवा, प्रवासी, राज्यकर्ते, परीक्षेला बसलेली मुलं असं सगळ्यांना देवापुढे नेत नेत वीस मिनिटांनी संपते. ही प्रार्थना मौल्यवान आहे. अशा म्हाताऱ्या माणसांच्या प्रार्थनेवर कित्येक घरं उभी आहेत. पण तीन वर्षांच्या मुलाला त्यात वीस मिनिटं स्थिर बसवणं म्हणजे त्याला प्रार्थनेची भीती शिकवणं.

दोन्ही राखायचं असेल तर क्रम बदला. "बाबा, आधी छोट्याची प्रार्थना करू, त्याला तुम्ही आशीर्वाद द्या, मग तो खेळेल आणि आपण बसू." आशीर्वाद देण्याचं काम आजोबांकडे आलं की ते सहसा आनंदाने मानतात. मूल तिथेच कोपऱ्यात चित्र काढत बसलं तर बसू द्या. आजोबांचा आवाज, आपलं नाव त्या लांब यादीत आलं हे त्याच्या कानावर पडत असतं. माझ्या वर्गातल्या एका मुलाने मला सांगितलं होतं, "आजोबा माझ्या आधी पंतप्रधानांचं नाव घेतात, मग माझं." तो चित्र काढता काढता सगळं ऐकत होता.

इथे मी पालकांना शमुवेलाची गोष्ट आठवून देते. शिलो इथे परमेश्वराच्या मंदिरात तो मुलगा झोपला होता. हाक आली, त्याला वाटलं याजक एलीच बोलावतोय. तो तीनदा धावत गेला. झोपमोड केली म्हणून एली त्याच्यावर रागावला नाही. तिसऱ्यांदा त्याच्या लक्षात आलं की हाक मारणारा परमेश्वर आहे, आणि मग त्या म्हाताऱ्या याजकाने मुलाला एकच वाक्य शिकवलं: "हे परमेश्वरा, बोल, तुझा दास ऐकत आहे." एका वाक्याची प्रार्थना मुलासाठी पूर्ण प्रार्थना असू शकते.

रोज तेच तेच म्हणतो

"मम्मीला आशीर्वाद दे, पप्पांना आशीर्वाद दे, आजीला आशीर्वाद दे, टॉमीला आशीर्वाद दे, आमेन." महिनोन्‌महिने हेच. हा दोष नाही. लहान मुलाला तीच गोष्ट रोज तशीच ऐकायची असते, तसंच हे. यादीत नवं नाव आलं तर लक्ष द्या, कुणाचं नाव गळलं तर त्याहून जास्त लक्ष द्या. मुलांच्या मनात काय चाललंय ते तिथे कळतं.

तरी थोडं पुढे न्यायचं असेल तर प्रार्थनेच्या आधी एक प्रश्न विचारा, आणि उत्तर आलं की तेच देवाला सांगायला सांगा. "आज शाळेत काय छान झालं?" किंवा "आज कशाची भीती वाटली?" दोन्ही एकाच दिवशी नकोत. "आज देवाने तुला काय शिकवलं?" असले प्रश्न मोठ्या माणसांनाही सुचत नाहीत, मुलांना विचारू नका.

एक आई तिच्या मुलाची प्रार्थना सांगत होती. चार वर्षांचा मुलगा, एक पाय पायजम्यात घातलेला, एक बाहेर. म्हणाला, "देवा, पप्पांची गाडी पंक्चर झाली. थँक्यू. आमेन." आईने लगेच दुरुस्त केलं, "थँक्यू नाही रे, मदत कर म्हण." तो गप्प झाला. नंतर बोलता बोलता कळलं की गाडी पंक्चर झाली म्हणून पप्पा त्या दिवशी घरून काम करत होते आणि दुपारी त्याच्याबरोबर जेवले होते. त्याचं थँक्यू अगदी बरोबर होतं. म्हणून मुलाची प्रार्थना मध्येच दुरुस्त करू नका. अर्थ लागला नाही तर आमेन झाल्यावर, प्रेमाने, विचारा.

भाषेचंही असंच. इंग्रजी माध्यमाची मुलं "प्लीज गॉड, उद्या तो माझी टिफिन घेऊ नये" असं मिसळून बोलतात. बोलू द्या. तुम्ही तुमची प्रार्थना घरच्या मराठीत करत राहा.

पाच-सहा वर्षांच्या पुढे बोटांची प्रार्थना बहुतेक मुलांना आवडते. हात जोडले की अंगठा आपल्या सगळ्यांत जवळ असतो, म्हणून तो घरच्यांसाठी. तर्जनी वाट दाखवणाऱ्यांसाठी: शिक्षक, पाळकसाहेब किंवा फादर, डॉक्टर. मधलं लांब बोट गाव आणि देश चालवणाऱ्यांसाठी. अनामिका सगळ्यांत दुबळी, म्हणून आजारी आणि दुःखी लोकांसाठी. करंगळी स्वतःसाठी, शेवटी. पाचही बोटं एकाच दिवशी घेऊ नका. आज कुठलं बोट, ते मुलाला निवडू द्या.

प्रभूची प्रार्थना केव्हा आणि कशी

तिसऱ्या-चौथ्या वर्षी नुसती कानावर पडू द्या. पाचव्या वर्षाच्या सुमाराला एकेक ओळ घ्या आणि ती ओळ जिथे घडते तिथे शिकवा. "आमची रोजची भाकर आज आम्हांस दे" ही ओळ जेवणाच्या ताटापाशी. क्षमेची ओळ भावंडांचं भांडण मिटल्यावर, दोघं शांत झाल्यावर, भांडण चालू असताना नाही. "तुझे राज्य येवो" समजायला वेळ लागतो, त्याची घाई नको.

एक अडचण मात्र पुण्यात सर्रास दिसते. शाळेत इंग्रजी प्रार्थना, चर्चमध्ये एक मराठी पाठ, आणि आईचं माहेर कॅथलिक नि सासर प्रोटेस्टंट असेल तर घरात दोन पाठ, एकात "ऋण" तर दुसऱ्यात "अपराध". मूल दोन्हींची खिचडी करतं आणि कुठेतरी कुणीतरी रागावतं. घरात एकच पाठ ठरवा. शक्यतो ज्या चर्चमध्ये दर रविवारी जाता तिथला. आजी दुसरा म्हणत असेल तर आजीबरोबर तो म्हणू द्या, आजीचा म्हणून तो वेगळा लक्षात राहतो.

कॅथलिक घरांत मुलांच्या हाताला काम असतं ही मोठी सोय आहे. क्रुसाची खूण दोन वर्षांचं मूलही करतं. जपमाळ पूर्ण पाच दशकांची, म्हणजे दहा-दहा मण्यांच्या पाच भागांची, लहान मुलाला लांब पडते. ऑक्टोबरात किंवा मे महिन्यात घरी रोज जपमाळ होत असेल तर मुलाला एका दशकापुरतं बसवा, मणी त्याच्या हातात द्या, "नमो मरिया" ही प्रार्थना दहा वेळा त्याच्या बोटांनी मोजू द्या, आणि मग उठू द्या.

डोळे मिटत नाही, हसतो, उड्या मारतो

डोळे मिटलेच पाहिजेत असं बायबलमध्ये कुठे सांगितलेलं नाही. योहानाच्या सतराव्या अध्यायात प्रभूने डोळे वर आकाशाकडे लावून प्रार्थना केली. ज्या मुलाला डोळे मिटले की भीती वाटते किंवा हसू येतं, त्याला मेणबत्तीकडे, क्रुसाकडे, खिडकीतून बाहेर बघू द्या. हसू आलं तर थांबा, संपू द्या, पुढे चला. भावंडं एकमेकांना हसवत असतील तर त्यांच्या मध्ये तुम्ही बसा. याला एवढंच पुरतं.

"आपली प्रार्थना अशी गप्प का?"

गणपतीच्या दिवसांत हा प्रश्न पुण्यातल्या प्रत्येक ख्रिस्ती घरात येतो. सोसायटीच्या मांडवात दहा दिवस आरती, टाळ, टाळ्या, प्रसाद. आपलं मूलही मित्रांबरोबर तिथे असतं, आणि त्याला आरती तोंडपाठ झालेली असते. घरी येऊन विचारतं, "आपल्यात असं का नसतं?" काही पालक घाबरतात आणि मित्रांच्या श्रद्धेबद्दल काहीतरी कडवट बोलून जातात. ते कृपा करून करू नका. मुलाला उद्या त्याच मित्रांबरोबर डबा खायचा आहे. "ते त्यांच्या घरची भक्ती करतात, आपण त्यांचा मान ठेवतो. आपण प्रभू येशूची भक्ती करतो," एवढं सांगा.

आणि मुलाच्या प्रश्नात खरी गरज आहे ती ओळखा. त्याला गाणं हवंय, ताल हवा आहे, सगळ्यांचा आवाज एकत्र हवा आहे. हे आपल्याकडे नव्हतं कधी? रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला, आणि १९१९ साली ते गेले तोपर्यंत त्यांनी मराठी मंडळीला अभंग, भजन आणि कीर्तनाच्या वळणाची गीतं दिली. त्यांना फुलामुलांचे कवी म्हणतात. "उपासना संगीत" या मराठी चर्चच्या गीतांच्या पुस्तकात त्यांची गीतं आजही आहेत. घराघरांत पेटी आणि टाळ असायचे, ते माळ्यावर गेले. टाळ खाली काढा. मुलाच्या हातात द्या. रोज एकच कडवं, तेच महिनाभर. ज्या घरात प्रार्थनेची सुरुवात गाण्याने होते तिथे मुलाला बोलवावं लागत नाही, टाळांचा आवाज आला की ते येतं.

शांतता शिकवायची असेल तर ती घरात शिकवणं अवघड जातं, खाली रिक्षा आणि वर मिक्सर चालू असतो. एखाद्या आडवारी पाळकसाहेबांना विचारून मुलाला रिकाम्या चर्चमध्ये न्या. गुरुवार पेठेतलं पंचहौदचं पवित्र नाम देवालय १८८५ सालचं आहे. असल्या जुन्या, उंच छताच्या चर्चमध्ये मूल आत शिरताच आपोआप हळू बोलायला लागतं. तिथे काही म्हणायला लावू नका. दोन मिनिटं बसा, वर बघू द्या, बाहेर या.

प्रार्थनेत पोलीस आणू नका

ही गोष्ट मला सगळ्यांत जास्त कळकळीने सांगायची आहे. "आज ताईला मारलंस ना? आता प्रार्थनेत सगळ्यांसमोर सॉरी म्हण." "खोटं बोललास तर देव बघतोय हं." "देवबाप्पा रागावेल." असं वारंवार झालं की मुलासाठी प्रार्थना म्हणजे दिवसभराच्या गुन्ह्यांची सुनावणी होते. मग ते संध्याकाळ झाली की पोट दुखतं म्हणतं.

भांडण झालं तर त्याचा निकाल तिथल्या तिथे लावा, माफी ताईकडे मागायला लावा. प्रार्थनेपर्यंत ते संपलेलं असू द्या. क्षमा मागणं शिकवायचंच असेल, आणि शिकवायलाच हवं, तर ते तुम्ही स्वतः करून शिकवा. "प्रभू, आज मी ऑफिसमधला राग घरी काढला, मला क्षमा कर." बापाच्या तोंडून मुलाने हे वाक्य ऐकलं की पुढे कधीतरी ते स्वतःहून असं वाक्य बोलतं, आणि ते खरं असतं. आई-वडिलांची एक खरी प्रार्थना मुलासमोर झाली की ती पाठांतराच्या तासापेक्षा जास्त शिकवते, कारण मुलाला तिथे देवाशी बोलणारं माणूस दिसतं.

"मी प्रार्थना केली तरी आजोबा गेले"

या प्रश्नानंतर प्रार्थना बंद पडली तर तिला सवयीचा प्रश्न समजू नका.

साधारण सात वर्षांपर्यंतच्या मुलाला वाटत असतं की आपल्या मनातल्या विचाराने, आपल्या बोलण्याने बाहेरच्या गोष्टी घडतात. आजोबा हॉस्पिटलमध्ये होते, सगळ्यांनी सांगितलं "तू प्रार्थना कर, देव लहान मुलांचं ऐकतो." तिने केली. आजोबा गेले. आता तिच्या मनात एकच हिशोब आहे: मी नीट केली नाही. एका रात्री मी विसरले होते. माझे डोळे उघडे होते. हे ती कुणाला सांगत नाही. ती फक्त प्रार्थनेला बसत नाही, आणि घरातल्यांना वाटतं दुःखामुळे असेल, होईल हळूहळू ठीक.

वाट बघू नका. तिला जवळ घेऊन, तिने विचारलं नसलं तरी, स्वच्छ शब्दांत सांगा: "तुझ्या प्रार्थनेत काही चुकलं नाही. तुझ्यामुळे आजोबा गेले नाहीत. त्यांचं शरीर खूप आजारी होतं." हे एकदा सांगून भागत नाही. "देवाला आजोबा आवडले म्हणून त्याने नेले," असं म्हणू नका. मुलगी त्यावर विचार करते की उद्या देवाला मम्मी आवडली तर? "आजोबा झोपलेत" असंही नको, मग तिला झोपायची भीती बसते. आजोबा मरण पावले, आणि आपला विश्वास आहे की ते प्रभूजवळ आहेत, हे मूल पेलतं.

मग देवाने का ऐकलं नाही? याचं उत्तर पाळकसाहेबांनाही एका वाक्यात देता येत नाही. पण बायबलमध्ये ज्यांना हवं ते मिळालं नाही अशी माणसं आहेत आणि ती मुलाला दाखवता येतात. पौलाने आपल्या देहातला काटा काढावा म्हणून प्रभूला तीनदा विनंती केली, तो काढला गेला नाही. खुद्द प्रभूने गेथशेमाने बागेत हा प्याला टळून जावो अशी प्रार्थना केली. लाजर आजारी पडला तेव्हा मार्था आणि मरियेने प्रभूला निरोप पाठवला होता. तो आला तेव्हा लाजराला कबरेत ठेवून चार दिवस झाले होते. दोघी बहिणींनी, एकीने एकदा आणि दुसरीने एकदा, त्याला तेच सांगितलं: प्रभूजी, आपण इथे असता तर माझा भाऊ मेला नसता. त्याने त्यांना गप्प केलं नाही. तो रडला. लहान मुलीला यातलं इतकं सांगा की देवाला "तू का आला नाहीस?" असं विचारता येतं. मग ती जे बोलेल ते बोलू द्या. "मी रागावले आहे" हीसुद्धा प्रार्थना आहे. तेरावं स्तोत्र "कोठवर?" याच प्रश्नाने सुरू होतं.

पुढे कुणी, समजा आत्या, आजारी पडलं तर "तू प्रार्थना केलीस की बरे होतील" असं मुलाला सांगू नका. "आपण देवाला सांगू, डॉक्टर औषध देतील, आणि आपण आत्याजवळ राहू," असं सांगा. मुलाच्या छोट्या खांद्यावर कुणाच्या जगण्या-मरण्याचं ओझं देऊ नये.

रात्रीच्या भीतीचंही थोडं इथेच सांगते. तीन ते सहा वर्षांत अंधाराची, आवाजांची भीती वाढते. झोपताना एक छोटी प्रार्थना, दिवा मंद, दार उघडं, एवढं सहसा पुरतं. पण मूल महिनाभर रोज रात्री किंचाळत उठत असेल, जेवण-शाळा बिघडली असेल तर प्रार्थनेबरोबर मुलांच्या डॉक्टरांकडेही न्या. यात विश्वास कमी पडला असं काही नाही.

एवढं करूनही बंद पडली तर

पडेल. दिवाळीच्या सुट्टीत नगरला किंवा जालन्याला आजोळी गेलात, परत आल्यावर ताप आला, की पडेल. मोठी घोषणा करून पुन्हा सुरू करू नका. "आजपासून रोज हं!" हे मुलाने आधीही ऐकलेलं असतं.

सुट्टीत सगळं सांभाळायचा प्रयत्न न करता एकच धागा ठेवा, जेवणाआधीचं एक वाक्य किंवा झोपताना डोक्यावर हात. गावी आजी तिच्या पद्धतीने घेते तशी घेऊ द्या. पुण्यात परतल्यावर पहिल्या संध्याकाळी टाळ काढा, कडवं म्हणा, मम्मी-पप्पांपैकी जो घरी असेल त्याने स्वतःसाठी एक वाक्य प्रार्थना म्हणावी आणि आमेन. मुलाला काही विचारायचं नाही. बहुतेक मुलं दोन-चार दिवसांत आपणहून मध्ये बोलतात. आठवडा गेला तरी बोललं नाही, तर पुन्हा घड्याळापासून तपासायला लागा.